ट्रक धुलाईचा धंदा : दर, वेळ आणि नकार



शिलाई, पिठाची गिरणी, भाड्याचा टेम्पो अशा लहान धंद्यांविषयी या सदरातून आम्ही वेळोवेळी लिहीत आलो आहोत. आजचा धंदा थोडा वेगळा आहे. तो आहे ट्रक धुण्याचा. पण रस्त्याकडेला पाटी लावून गिऱ्हाइकाची वाट पाहत बसायचे नाही. पाण्याची टाकी आणि जोरदार धारेचे मशीन टेम्पोत घालायचे आणि गाड्या उभ्या असतील तिथे जाऊन धुवायच्या. हे मशीन बाजारात 'प्रेशर वॉशर' या नावाने मिळते. मोटारसायकली आणि मोटारी धुणाऱ्या सेंटरवर आपण सर्वांनी ते पाहिलेले आहे.

हा विषय घेण्याचे कारण एका घरातला वाद. रविवारी सकाळी आम्ही लोकांचे फॉर्म भरून देणे, अर्ज लिहून देणे असे काम करीत बसतो. तिथे कळंबोलीचे एक कुटुंब आले. वडील लोखंड बाजारात माथाडी होते, आता घरी असतात. मुलगा बारावी झालेला आणि एका ट्रान्सपोर्टच्या यार्डात ठेकेदाराच्या हाताखाली कामाला. त्याच्या हातात मशीनचे कोटेशन होते. वडिलांच्या फंडातून काही आणि बँकेकडून काही पैसे उभे करावेत, असा त्याचा विचार. वडील गप्प बसले होते. बोलल्या त्या आई.

"भाऊ, माझ्या सासूनं गावात लोकांची घाण काढली. मी इथं येऊन लोकांची भांडी घासली. एवढं शिकवून पोरानं बी लोकांच्या गाड्याच धुवायच्या का?"

मुलगा म्हणाला, "आई, वॉशिंग सेंटरचा शेठ पण गाड्याच धुतो ना? त्याला कोण काय म्हणतं?"

दोघांचे म्हणणे आम्हाला विचार करण्यासारखे वाटले. असे वाद अनेक घरांत होत असतील, म्हणून हा लेख.

गाड्या आहेत कुठे?

धंदा करायचा तर आधी गिऱ्हाईक पाहावे. न्हावाशेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. मुंबईतला लोखंडाचा बाजार कळंबोलीला आला. तळोज्याची एमआयडीसी जवळच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला आणि तोही कळंबोलीलाच येऊन मिळतो. त्यामुळे उरण, पनवेल, कळंबोली या पट्ट्यात ट्रेलर, कंटेनर आणि दहाचाकी गाड्यांच्या रांगा रात्रंदिवस उभ्या असतात. भिवंडीची गोदामे, चाकण, वाळूज, बुटीबोरी इथेही थोड्याफार फरकाने हेच चित्र आहे. तेव्हा हा लेख फक्त कळंबोलीकरांसाठी आहे असे समजू नका.

आता वाहतूकदाराच्या बाजूने विचार करा. त्याच्या वीस गाड्या आहेत. एक गाडी वॉशिंग सेंटरवर पाठवायची म्हणजे ड्रायव्हर हवा, डिझेल हवे, रांगेत थांबणे आले. तेवढ्या वेळात एखादी फेरी बुडते. धुण्याचे पैसे कमी आणि थांबण्याचे नुकसान जास्त. त्याऐवजी रविवारी किंवा रात्री गाड्या यार्डातच उभ्या असताना कोणी येऊन दहा गाड्या धुऊन दिल्या, तर त्याला ते हवेच असते. आपण त्याला विकतो ती नुसती धुलाई नाही, त्याचा वाचलेला वेळ विकतो. हे मनात पक्के असले म्हणजे दर सांगताना जीभ अडखळत नाही.

गाडी धुण्याची गरजही खरी आहे. बंदराजवळच्या खाऱ्या हवेने आणि चिखलाने चेसिस गंजते. सिमेंटच्या मिक्सर गाड्यांवर माल सुकला की तो दगड होतो. अन्नधान्य, दूध, भाजीपाला वाहणाऱ्या गाड्या स्वच्छ ठेवणे अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ खालील नियमांनुसार आवश्यकच आहे. शिवाय आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग करावे लागते आणि पासिंगला जाण्यापूर्वी गाडी धुतली जातेच. हुशार धंदेवाला प्रत्येक गाडीच्या पासिंगची तारीख वहीत टिपून ठेवील आणि पंधरा दिवस आधी मालकाला फोन करील.

आईचा प्रश्न

त्या ताईंचा प्रश्न मात्र पैशांचा नव्हता, मानाचा होता. त्याला टाळून पुढे जाणे बरे नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले होते. वतनाचे दुखणे काय होते? कामाला वेळ ठरलेली नव्हती, रात्री-अपरात्री कोणीही बोलवावे. मोबदला जवळजवळ नाहीच, आणि जो होता तो गावाच्या मर्जीवर. बाप घरी नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. नाही म्हणण्याची सोय नव्हती. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली.

म्हणजे दर, वेळ आणि नकार या तिन्ही गोष्टी तेव्हा दुसऱ्याच्या हातात होत्या. आज ट्रक धुणाऱ्या मुलाने स्वतःला एवढेच विचारावे, की या तिन्ही गोष्टी माझ्या हातात आहेत का? असतील तर तो धंदा आहे. नसतील तर लाखाचे मशीन घेऊनही यार्डातले लोक त्याला "ए पोऱ्या, इकडे ये" असेच म्हणणार. त्या ताईंना आम्ही हेच सांगितले, "ताई, पाण्याला आणि चिखलाला लाज नसते. पण दर दुसऱ्याने ठरवला तर तुमची भीती खरी ठरेल." म्हणून या तीन गोष्टींचा एकेक करून विचार करू. पण त्याआधी मशीन थोडे समजून घेतले पाहिजे.

मशीन समजून घ्या

गरम पाण्याचे उच्च दाबाचे धुलाई मशीन जर्मनीतल्या केर्चर कंपनीने १९५० साली बाजारात आणले. आज अनेक कंपन्यांची मशीन आपल्याकडे मिळतात. त्यात पाहायच्या गोष्टी दोन. पाण्याचा दाब, तो 'बार'मध्ये मोजतात, आणि मिनिटाला किती लिटर पाणी जाते ते. ट्रकच्या चाकात साधारण ११० पीएसआय हवा असते. १५० बारचे मशीन म्हणजे सुमारे २,१७५ पीएसआय, म्हणजे चाकातल्या हवेच्या जवळजवळ वीसपट! एवढ्या जोराची धार हातात आहे, याचे भान ठेवावे.

ही धार कधीही माणसावर धरू नये, मस्करीतही नाही. जवळून लागली तर पाणी कातडीच्या आत शिरते. वरून टाचणीएवढे भोक दिसते आणि आत मांस सडू शकते. अशी जखम झाली तर हळद लावून घरी बसू नका. ताबडतोब मोठ्या इस्पितळात जाऊन 'उच्च दाबाच्या धारेची जखम' असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पायात गमबूट, डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे हे रोजचे. विजेवर चालणारे मशीन असेल तर गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसविल्याशिवाय ते चालूच करू नये. ओली जमीन आणि वीज यांची दोस्ती जीवघेणी असते. यार्डात वीज मिळेलच असे नसते, म्हणून फिरत्या कामाला पेट्रोल इंजिनचे मशीन सोयीचे पडते.

धार कुठे मारायची नाही, हेही शिकून घ्यावे. रेडिएटरच्या पातळ पट्ट्या वाकतात. चाकांच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरते. एअर फिल्टरच्या तोंडात पाणी गेले तर इंजिनाचे काम निघते. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांमध्ये वायरिंग आणि सेन्सर फार आहेत, त्यावर थेट धार नको. टायरच्या बाजूला धार अगदी जवळून मारू नये, फूटभर तरी अंतर ठेवावे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी नको. साबण खालून वर लावावा म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत आणि धुताना वरून खाली यावे. कॉस्टिक असलेला स्वस्त साबण अॅल्युमिनियमच्या डिझेल टाकीला काळवंडतो आणि त्याचे पैसे मग आपल्या बिलातून कापले जातात.

पाण्याचा हिशेब फार जण विसरतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पाऊण टन माल नेणाऱ्या छोट्या टेम्पोवर हजार लिटरची टाकी भरून ठेवली तर तो रस्त्यावरच बसेल. मशीन, नळ्या आणि दोन माणसे धरून त्यावर ५०० लिटरची टाकी योग्य. मशीन मिनिटाला १२ लिटर पाणी घेते आणि एका ट्रकला १२ मिनिटे धार चालू राहते असे धरले, तर ट्रकला १४४ लिटर लागतात. म्हणजे एका टाकीत तीन ट्रक. दहा ट्रक धुवायचे तर १,४४० लिटर. तेव्हा उरलेले पाणी कोण देणार, हे काम घेण्यापूर्वीच मालकाशी बोलून घ्यावे. पाणी संपल्यावर मशीन कोरडे चालवले तर पंप जळतो, हेही लक्षात असू द्या.

पहिली गोष्ट : दर

आम्ही बी.कॉम. झालेलो कारकून, आमचा जीव आकड्यात. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत. आपल्या भागातले आकडे घालून प्रत्येकाने आपला हिशेब करावा.

समजा, जुना टेम्पो २ लाख ४० हजार, मशीन ८० हजार आणि टाकी, नळ्या, दिवे, गमबूट वगैरे ४० हजार, असे ३ लाख ६० हजार लागले. त्यातले ३ लाख बँकेचे, १२ टक्क्यांनी. टेम्पो साठ महिने, मशीन चाळीस महिने आणि बाकी सामान वीस महिने टिकेल असे धरू. मग दरमहा घसारा ४ हजार, २ हजार आणि २ हजार, मिळून ८ हजार. घसारा म्हणजे काय? मशीन रोज थोडे थोडे झिजते, त्या झिजेचे पैसे. ते आज कोणी मागायला येत नाही. पण मशीन बंद पडेल त्या दिवशी एकदम मागायला येते.

आता महिन्याचा खर्च मांडू. घसारा ८ हजार. दोन माणसांचा पगार ३२ हजार, यात मुलाचा स्वतःचा पगारही धरला आहे. पेट्रोल-डिझेल ९ हजार. साबण ५ हजार. पाणी ४ हजार. दुरुस्ती, नोझल, ऑइल ३ हजार. टेम्पोचा विमा, कागदपत्रे, फोन ३ हजार. व्याज ३ हजार. एकूण ६७ हजार.

महिन्याचे २५ दिवस काम आणि रोज ८ ट्रक धरले तर २०० ट्रक झाले. ६७ हजाराला २०० ने भागा, उत्तर येते ३३५ रुपये. म्हणजे एका ट्रकला ३३५ रुपये हा आपला निव्वळ खर्च. रोज पाचच ट्रक मिळाले तर महिन्याला १२५ आणि खर्च ट्रकमागे ५३६ रुपये. इंधन, साबण आणि पाणी थोडे कमी लागेल हे खरे, पण पगार, व्याज आणि घसारा कमी होत नाहीत.

आमची मुले करतात काय, तर शेजारचा २५० घेतो म्हणून आपणही २५० सांगतात. स्वतःचा पगार १६ हजार आणि घसारा ८ हजार खर्चात धरतच नाहीत. मग खर्च दिसतो ४३ हजार, ट्रकमागे २१५. त्यांना वाटते ट्रकमागे ३५ रुपये सुटले, महिन्याला ७ हजार नफा झाला. खरे पाहता ट्रकमागे ८५ रुपये घरचे जातात, महिन्याला १७ हजार! रोज हातात नोटा दिसतात म्हणून कळत नाही. तीन-चार वर्षांनी मशीन भंगारात जाते तेव्हा नवे घ्यायला पैसे नसतात आणि लोक म्हणतात, आपल्या लोकांना धंदा जमत नाही. धंदा जमतो हो, घसारा लिहिलेला नसतो एवढेच!

याच हिशेबात दर ४०० ठेवला तर महिन्याला ८० हजार येतात आणि पगार सोडून १३ हजार उरतात. म्हणून दर छापील असावा. केबिनसह दहाचाकी किती, ट्रेलर किती, चेसिस खालून धुण्याचे वेगळे किती, मिक्सरचे किती. कागदावर लिहिलेल्या दराशी घासाघीस कमी होते. तोंडी दरावर कोणीही चढून बसतो.

दुसरी गोष्ट : वेळ

कामाची वेळ आपण ठरवायची. कोणत्या यार्डात कोणत्या वारी जाणार, किती वाजता सुरू, किती गाड्या, हे आधी ठरलेले असावे. तीन यार्डे आणि तीन वार. "आत्ता ये" म्हणणाऱ्याचे काम घ्यायचे असेल तर त्याचा दर वेगळा. फिरण्यात गेलेला वेळ आणि डिझेल कोणी भरून देत नाही, म्हणून एका ठिकाणी दहा गाड्या असलेले काम हे दहा ठिकाणच्या दहा गाड्यांपेक्षा केव्हाही चांगले. पावसाळ्यात काम कमी होते. जून ते सप्टेंबरची तरतूद उन्हाळ्यातच बाजूला काढावी.

वेळेची दुसरी बाजू पैसे मिळण्याची. वाहतूक धंद्यात उधारीची रीत जुनी आहे. महिनाअखेर बिल आणि त्यानंतर साठ दिवसांनी पैसे, असे झाले तर तीन महिने आपण पदरचे घालतो. वरच्या हिशेबात घसारा सोडून महिन्याचे रोख ५९ हजार जातात, तीन महिन्यांचे १ लाख ७७ हजार. यालाच खेळते भांडवल म्हणतात. मशीनसाठी कर्ज काढणारे याचा विचार करीत नाहीत आणि दुसऱ्या महिन्यात सावकाराच्या दारात उभे राहतात.

यावर उपाय आहे. २०२० पासून उद्यम नोंदणी सुरू आहे. ती इंटरनेटवर होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. एजंटाला पैसे देऊ नका. ही नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाला २००६ च्या कायद्याचे संरक्षण मिळते. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत बिल चुकते झाले पाहिजे. नाही झाले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज देणे लागते. शिवाय आकारणी वर्ष २०२४-२५ पासून आयकरातही तरतूद झाली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल या मुदतीत दिले नाही तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी वजा करता येत नाही, पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच येतो. म्हणून आपल्या प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापावा. भांडायला जाण्याची गरज नाही. शेठजींचा हिशेबनीस तो क्रमांक पाहूनच सावध होतो.

बिल देताना कंपनीने १ टक्का कर कापला तर घाबरू नये. तो आपल्या पॅन क्रमांकावर जमा होतो आणि विवरणपत्र भरल्यावर हिशेबात धरला जातो. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर सेवेच्या धंद्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. आणि सर्व काम एकाच मालकाचे घेऊ नये. त्याने हात आखडला की आपली चूल बंद. निम्म्याहून जास्त काम एका दारातून आले तर दुसरे दार शोधायला लागावे.

तिसरी गोष्ट : नकार

सर्वांत अवघड गोष्ट हीच. काम मागायला गेलेल्या माणसाला नाही म्हणायला धीर लागतो. पण काही कामांना नाही म्हणावेच लागते.

टँकरच्या पोटात उतरायचे नाही. "बाहेरून धुतोस तसं आत उतरून जरा मारून दे, शंभर जास्त घे," असे कोणीतरी म्हणेलच. रसायनाचा असो, मळीचा असो की मैला वाहणारा असो, बंद टाकीत विषारी वायू असतो किंवा प्राणवायूच नसतो. माणूस ओरडायच्या आत पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. गटारे आणि सेप्टिक टँक यांत माणसाला सुरक्षा साधनांशिवाय उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली. पण ३० लाखांनी कोणाच्या घरचा मुलगा परत आला आहे? टाकी आतून धुण्यासाठी फिरणाऱ्या नोझलची यंत्रे असतात, ती ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ते काम करावे. आपल्या दरपत्रकावर छापून टाका : 'टाकीच्या आत उतरून काम केले जात नाही.' छापलेला नकार द्यायला धीर कमी लागतो.

तेलकट पाणी नाल्यात सोडायचे नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने त्याला मनाई आहे. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तेल आणि ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर नको, असा नियम आहे. तेव्हा ज्या यार्डात पक्की फरशी आणि तेल अडवणारा खड्डा आहे, तिथेच इंजिन आणि चेसिसचे काम घ्यावे. नाला शेवटी वाहतो तो आपल्याच वस्तीच्या मागून.

लहान मुलाला हाताखाली घ्यायचे नाही. १४ वर्षांखालील मुलाला कामाला ठेवणे गुन्हा आहे आणि १८ च्या आतल्या मुलाच्या हातात दीडशे बारची बंदूक देणे शहाणपणाचे नाही. पुतण्या असो की भाचा, त्याचे वय शाळेचे आहे.

आणि धुण्यापूर्वी मोबाईलवर गाडीचे चार बाजूंनी फोटो काढल्याशिवाय धार सुरू करायची नाही. फुटलेला दिवा आणि पडलेली खोच आपल्या माथी मारली जाते ती पुरावा नसल्यामुळे.

वही कोणाच्या हातात?

या धंद्यात बाहेरचे काम अंगमेहनतीचे, पण घरातले काम तितकेच मोठे. त्या मुलाची धाकटी बहीण कॉमर्सला आहे, असे बोलता बोलता कळले. आम्ही म्हणालो, वही तिच्या हातात द्या. रोजमेळात रोजचे ट्रक, गाडीचा नंबर, आलेले आणि गेलेले पैसे. खतावणीत प्रत्येक मालकाचे वेगळे पान. महिन्याच्या एक तारखेला बिल गेलेच पाहिजे. आणि तिलाही पगार लिहावा. घरची मुलगी म्हणून फुकट राबवली तर तीही एक वेठच झाली. घसाऱ्याचे ८ हजार दरमहा वेगळ्या खात्यात जावेत आणि त्या खात्याचे पुस्तक आईकडे असावे. लग्न असो, बारसे असो, त्या पैशाला हात लावायचा नाही. आपल्या आया हे काम कोणत्याही मॅनेजरपेक्षा चोख करतात.

कर्जाविषयी थोडेसे. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत शिशू, ५ लाखांपर्यंत किशोर आणि १० लाखांपर्यंत तरुण अशा पायऱ्या आहेत आणि त्यासाठी घर किंवा दागिने तारण ठेवावे लागत नाहीत. बँकेत जाताना कोटेशनबरोबर वर दाखवला तसा महिन्याचा हिशेब आणि एक-दोन वाहतूकदारांची लेखी संमती घेऊन जा. रिकाम्या हाताने गेलेल्या अर्जदारापेक्षा कागद घेऊन गेलेल्याचे बोलणे मॅनेजर लक्ष देऊन ऐकतो. वडिलांचा सगळा फंड मात्र यात घालू नका. म्हातारपणाची ती एकच काठी असते.

शेवटी, मशीन घेण्याचा विचार करणाऱ्या तरुणांना आमची विनंती एवढीच, की दुकानात जाण्यापूर्वी एक महिना थांबा. पहिली खरेदी वहीची करा. आपल्या भागातल्या दहा यार्डांत जा, कोणाकडे किती गाड्या आहेत, आता कोण धुतो, किती घेतो, पाणी आहे का, फरशी आहे का, पैसे किती दिवसांनी देतात, हे लिहून आणा. ओळखीच्या सेंटरवर आठ दिवस हाताखाली काम करून मशीन हाताळायला शिका. आपला खर्च मांडा, दरपत्रक लिहा आणि ते घेऊन परत त्या दहा जणांकडे जा. त्यातल्या दोघांनी जरी लेखी काम दिले तरी मशीन घ्यायला हरकत नाही. कोणीच दिले नाही, तर महिनाभराची पायपीट गेली, पण फंड वाचला.

आणि हा हिशेब मांडताना कोणाला अडचण आली तर रविवारी सकाळी वही घेऊन या. आम्ही तिथेच बसलेले असतो.